तिने तोंड फिरवलं

मंगळवार, रात्र

लेक रडली असती तर मला काही वाटलं नसतं. झोपेचं रडणं कुठलं, दातांचं कुठलं, हे आता मला दुसऱ्या खोलीतूनही कळतं. आज सकाळी ती रडली नाही. मी पॅनकेकचा तुकडा ओठांपाशी नेला, तिने तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले आणि मान खिडकीकडे वळवली. मी हात त्या बाजूला नेला तर मान दुसऱ्या बाजूला. चेहऱ्यावर राग नाही, किरकिर नाही. नको म्हणजे नको.

एवढंच घडलं. पण दिवसभर तेच मनात घोळत राहिलं. गाडीत ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत उभी होते तेव्हा तेच, दुपारी डबा उघडला तेव्हाही तेच.

पॅनकेक मी जीव लावून केले होते, हे मला लिहायचंच आहे. काकूंनी वसईहून आणलेली राजेळी केळी परवापर्यंत टणक होती. सालीवर काळे डाग पडल्याशिवाय बाळाला देऊ नकोस, असं त्या बजावून गेल्या होत्या. आज ती तयार झाली. अर्धं केळं काट्याने मोडलं, गुठळी ठेवली नाही. एक अंडं फेटून घातलं आणि तीनेक चमचे नाचणीचं सत्व. मीठ, साखर, गूळ काही नाही. सोडाही नाही, सोड्यातही सोडियमच. बिडाचा तवा, तुपाचं बोट, पुरीएवढा आकार, वर झाकण आणि अगदी मंद आच. केळं असलं की बाहेरून पटकन लाल होतं आणि आत पीठ कच्चं राहतं, शिवाय अंडं पूर्ण शिजायलाच हवं, म्हणून तव्यापासून हलता येत नाही. मधोमध मोडून बघितलं, मगच गॅस बंद केला. नंतर बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या. तिला अजून चिमटीत धरता येत नाही, नुसती मूठ वळते, आणि मुठीबाहेर टोक उरलं तरच ते तोंडापर्यंत पोचतं.

सत्वही घरचं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, कोरडी भाजून दळायची आणि मलमलीतून चाळायची. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मोड आणले की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. त्यासाठीच पट्ट्यांशेजारी पपईची मऊ फोडही ठेवली होती, लोहासोबत क जीवनसत्त्व त्याच वेळी पोटात गेलेलं बरं म्हणून. इतका सगळा विचार त्या एका छोट्या ताटलीत होता. आणि तिने खिडकीकडे बघितलं.

लोहाचं माझ्या डोक्यात बसलंय ते तिच्या सहाव्या महिन्याच्या तपासणीपासून. पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह घेऊन साठवून ठेवतं, आणि तो साठा जन्मानंतर साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणून सहा महिने पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला वरचं खाणं सुरू करायचं. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आज गाडीत ते पुन्हा आठवलं आणि पोटात खड्डा पडला. माझ्या अंगातून तिला दिलेलं सरत आलंय. आता जे द्यायचं ते बाजारातून आणून, निवडून, शिजवून तिच्यापुढे ठेवायचं, आणि ती ते घेईलच असं नाही.

आजवर तिने माझं काही नाकारलं नव्हतं. अंगावरून सुटायची तीसुद्धा पोट भरून, हात सैल सोडून, अर्ध्या झोपेत. त्यात नकार नव्हता. आजच्यात होता.

मग मला स्वतःचीच कीव आली, तेही लिहून टाकते. पहाटे उठायचं, स्वयंपाक, डबे, तिचं वेगळं, मग धावत स्टेशन. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची रजा मिळते, त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. म्हणजे बाळाचं वरचं सुरू व्हायचं आणि आईने घराबाहेर पडायचं, दोन्ही एकाच सुमारास. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी... जाऊ दे. दूधही हल्ली दुपारचं पूर्वीइतकं येत नाही. तो विषय आज नको.

सकाळी हा म्हणाला, "नाही खाल्लं तर नाही खाल्लं, दूध पितेय ना?" बरोबर होतं त्याचं. मला ते त्याच्याकडून ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी आले तर आज्जींनी विचारलं, "मोबाइल का नाही लावलास समोर? बघता बघता तोंड उघडतात मुलं." त्यांच्या मनात काही नव्हतं, नातीच्या पोटात दोन घास जावेत एवढंच. आईला फोन केला तर ती म्हणाली, "तू कमी छळलंस का? गॅलरीत घेऊन उभी राहायचे. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. तू चिऊ बघायला मान वर केलीस की घास आत." दोघी हसलो.

फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिले. मला ती गॅलरी आठवत नाही. पान स्वच्छ करूनच उठायचं, हे मात्र पक्कं आठवतं. कोणी पानात टाकलं तर अण्णा रागावायचे नाहीत, नुसते त्या पानाकडे बघायचे. अजूनही मला पोट भरल्याचं ताट रिकामं झाल्यावरच कळतं. पंगतीत वाढणाऱ्याने 'अहो, घ्या हो' म्हटलं की माझा हात पानावर आडवा जातच नाही. ऑफिसातही तसंच काहीसं होतं, पण ते आत्ता लिहीत नाही. अन्न वाया घालवू नये हे मला आजही पटतं, तिलाही मी ते शिकवीन. पण पोटाला नको असताना तोंड उघडायचं, हे मी कधी शिकले आणि कोणाच्या मायेपोटी शिकले, हा विचार आज पहिल्यांदाच आला. आईचा राग नाही आला. तिच्या हातात तेव्हा चिऊ-काऊच होते.

आणि ही नुकती कुठे आधाराशिवाय बसायला लागलीये. हिला आपलं पोट कळतं, आणि ते मला कळवताही येतं.

मग बोचतंय काय नेमकं? आधी वाटलं, नकार. आता वाटतंय, तिचा तो शांतपणा. नको म्हणताना तिला माझी भीती वाटली नाही, मला वाईट वाटेल हेही तिच्या मनात आलं नाही. येणार तरी कसं! पण मी असं कोणालाच कधी 'नको' म्हटलेलं नाही, ना आईला, ना अण्णांना, ना ह्याला. सकाळी मला जे लागलं त्यात थोडा हेवाही असावा. लेकीचा हेवा. लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

डॉक्टरांनी हे सगळं त्या तपासणीतच सांगितलं होतं. काय द्यायचं, केव्हा द्यायचं, कुठे बसवून द्यायचं हे तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती खायचं, हे तिला ठरवू द्या. बाळाचं पोट वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिलिलिटर धरा, म्हणाले. म्हणजे हिचं पाव लिटरही नाही. 6 ते 8 महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, आधी दोन-तीन चमचे, मग वाढवत वाढवत अर्धी वाटी. नवी चव आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पुढ्यात यावी लागते, मग कुठे बाळ ती घेतं. मी घरी येऊन ते सगळं वहीत उतरवून काढलं होतं. 'ती ठरवेल' हे वहीत लिहायला सोपं होतं. तेच डोळ्यांसमोर घडलं तेव्हा माझा हात दुसऱ्या बाजूने पुन्हा तिच्या तोंडाशी गेला. आणि तिने पुन्हा मान वळवली, तितक्याच शांतपणे. आत्ता लिहिताना त्या दुसऱ्या मान वळवण्याचं मला कौतुक वाटतंय. सकाळी नव्हतं वाटलं.

रात्री जेवताना फ्रिजमधली सकाळची धिरडी काढून गरम केली (आज्जी त्यांना धिरडीच म्हणतात) आणि लसणीच्या चटणीशी खाल्ली. चांगली झाली होती. राजेळीचा वास छान उतरला होता, तुपाने कडा कुरकुरीत आल्या होत्या. शेवटचं एक उरलं तेव्हा पोट भरल्यासारखं वाटलं. ते झाकून ठेवलं आणि उठले.

आज्जींना सांगितलंय, उद्या दुपारी तिने तोंड उघडलं तर द्या, मिटलं तर ताटली उचला. मोबाइल नको. घशाशी आलं आणि उबळ आली तर घाबरून तोंडात बोट घालू नका. आवाज करतेय, खोकतेय तोवर ती स्वतःच ते पुढे ढकलते, आवाजच बंद झाला तर मात्र धावायचं, आणि तेव्हा पालथं धरून पाठीत कसं थोपटायचं ते त्यांना पुन्हा एकदा करून दाखवलं. त्या "बघू" म्हणाल्या. आत्यांचाही फोन येऊन गेला, वरून थोडा मध चाटव म्हणजे खाईल. वर्षाच्या आत मध नाहीच. त्यात बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि इतक्या कोवळ्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं. हे त्यांना आधीही सांगितलं होतं, आज परत सांगितलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण मध येणार नाही हे त्यांनी मान्य केलं.

उद्या चिकू घालून करणार आहे. घोलवडचे आहेत, चांगले पिकलेत. साल आणि बिया काढून, बियांभोवतीचा कडक भाग सोडून नुसता गर घ्यायचा. चिकूने मिश्रण सैल होतं, सत्व चमचाभर जास्त लागेल. नाही खाल्लं तर परवा परत करीन.