हे तर सगळ्यांनाच माहीत आहे

कोशातल्या आहारविषयक नोंदी मी तपासते. त्या दिवशी पालकाची नोंद हाती होती. लेखक जाणकार, मजकूर नेटका. एका वाक्यापाशी मात्र मी अडले: 'पालकातील लोहाचा आकडा लिहिताना दशांशचिन्ह चुकले, आकडा दहापट झाला आणि पालकात भरपूर लोह असते हा समज जगभर पसरला.' तळटीप नव्हती.

लेखकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, याला कसला संदर्भ? हे तर सगळ्यांनाच माहीत आहे."

त्यांचा मुद्दा मला समजत होता. त्याच नोंदीत 'पालक ही हिरवी पालेभाजी आहे' असंही वाक्य होतं आणि त्याला मी संदर्भ मागितला नव्हता. मागूही नये. ओळीओळीला तळटिपा लावल्या की जिथे खरंच पडताळायला हवं, ती जागा गर्दीत दिसेनाशी होते. पण पालेभाजी कोणीही बघून घेऊ शकतो. कोणे एके काळी कोणाच्या तरी हातून आकडा चुकला, हे जुने कागद धुंडाळल्याशिवाय कसं कळणार? मग ते धुंडाळले कोणी?

दुपारभर माग काढत बसले. एका लेखात दुसऱ्याचा हवाला, दुसऱ्यात तिसऱ्याचा. धागा जाऊन पोहोचला तो १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या रक्तविकारतज्ज्ञ टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या लेखापाशी. दशांशचिन्हाची गोष्ट तिथे होती, आधार काहीच नव्हता. पुढे गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी २०१० मध्ये एका लेखासाठी या गोष्टीचा पाठपुरावा केला, तेव्हा खुद्द हॅम्ब्लिन यांनाही ती कुठून घेतली हे सांगता आलं नाही. दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावा सटन यांना मिळाला नाही. आणि या गोष्टीत हटकून येणारा, पालक खाऊन ताकद कमावणारा कार्टूनमधला खलाशी पॉपाय? १९३२ च्या चित्रपट्टीत तो पालक खातो ते 'अ' जीवनसत्त्वासाठी!

मी थक्क झाले. निष्काळजीपणे लिहिलेली माहिती कशी पसरते, याचं उदाहरण म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, तीच न तपासता हातोहात पसरली होती. आणि ती सांगणारे बहुतेक सगळे शिकलेसवरलेले, चिकित्सक म्हणवणारे लोक. ऐकणाऱ्याला आपण शहाणे झालो असं वाटतं, म्हणून अशा दाव्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

दोन्ही लेख लेखकांना पाठवले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "वाक्य काढून टाका."

मी नको म्हटलं. नोंद उघडणाऱ्याने ही गोष्ट आधी कुठेतरी ऐकलेली असणार, आणि ती खरी की खोटी हे बघायलाच तो कोशाकडे येणार. वगळली तर त्याच्या मनात ती तशीच राहील. म्हणून ती 'प्रचलित कथा' म्हणून ठेवली, पुरावा सापडत नसल्याचं लिहिलं आणि दोन्ही लेखांचा संदर्भ दिला. मग लेखकांनीच पुढचं वाक्य वाचून दाखवलं: १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह. "हा आकडा मी पाठ आहे म्हणून लिहिला होता," ते म्हणाले, "आहारघटकांच्या तक्त्याचा संदर्भ उद्या पाठवतो, आवृत्तीच्या सालासकट."