पेव्हर ब्लॉकखालचं चेंबर

३८० मीटर. रबाळे एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचं गेट आणि आमची केबल जिथे संपते ती जागा, यांच्यात फक्त एवढंच अंतर होतं. आणि तेवढ्यापायी हातातली ऑर्डर जायची वेळ आली होती.

मी एका टेलिकॉम कंपनीत लिंक प्लॅनिंगचं काम करते. एखाद्या कंपनीला दोन जागांमध्ये थेट इथरनेट लाइन हवी असली की तिचा मार्ग ठरवायचा, खर्च काढायचा आणि तो मंजूर करून घ्यायचा. या कारखान्याला वागळे इस्टेटमधल्या हेड ऑफिसपर्यंत २०० एमबीपीएसची लाइन हवी होती. ऐरोली, दिघा, विटावा, कळवा असा तो सगळा पल्ला ऐकून लोकांना वाटतं की खर्च तिथेच होत असेल. पण त्या मार्गावर आमची फायबर आधीपासूनच आहे. तिच्यावर आणखी एक ग्राहक घ्यायचा म्हणजे स्विचवर एक नवीन व्हीलॅन, म्हणजे त्या ग्राहकाची वेगळी वाट, बांधायची, अर्ध्या तासाचं काम. पैसा जातो तो ग्राहकाच्या दाराशी. केबल तशी स्वस्त असते. रस्ता खोदून पुन्हा होता तसा करून देण्याचे पैसे भरावे लागतात, त्याला आम्ही आरआय चार्ज म्हणतो, तो केबलच्या कित्येक पट असतो. त्यातून हा रस्ता काँक्रीटचा.

माझं अंदाजपत्रक ११ लाख ४० हजारांवर गेलं होतं. ग्राहकाचं महिन्याचं भाडं २२ हजार. आमच्याकडे नियम असा की घातलेला पैसा २४ महिन्यांत वसूल झाला पाहिजे, म्हणजे ५ लाख २८ हजारांच्या आत बसायला हवं. निम्म्यातसुद्धा बसत नव्हतं. भरीस भर म्हणजे त्या दिवशी मे महिन्याची २८ तारीख होती. एकदा पावसाळा लागला की रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही, थेट दसरा-दिवाळीच्या गोष्टी सुरू होतात.

पोलवरून केबल न्यावी, तर त्या रस्त्याला दिवसरात्र कंटेनर ट्रेलर; लोंबती केबल महिन्यात ओढली गेली असती. दुसऱ्या ऑपरेटरकडून शेवटचा तुकडा भाड्याने घ्यावा, तर २२ मधले १२ हजार दरमहा त्याच्या घशात, आणि फॉल्ट झाला की आम्ही त्याच्या माणसाची वाट बघत बसायचं. फाइल बंद करण्याआधी एकदा रस्ता डोळ्यांखालून घालावा म्हणून मी सकाळी रबाळ्याला गेले. सोबत आमचे स्प्लायसिंगचे, म्हणजे फायबरचे धागे जोडणारे, काका होते.

काकांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात वीस-बावीस वर्षं केबल ओढली आहे. शेजारच्या प्लॉटच्या गेटपाशी ते थांबले. आता तिथे गोडाऊन आहे. फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉककडे बघत म्हणाले, "मॅडम, इथं पूर्वी रंगाची कंपनी होती. तिला आपण लाइन दिलेली. चेंबर इथंच कुठंतरी पाहिजे."

मी मोबाइलवर नकाशा उघडला. तिथे काहीच नव्हतं. आमच्या नकाशावर नंतरच्या केबली आहेत. त्याआधीची कागदी ड्रॉइंग ऑफिस बदलताना कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

"नकाशात नाहीये, काका."

"नकाशात नसंल. जमिनीत आहे."

गोडाऊनच्या वॉचमनला सांगून आम्ही पहारीने ब्लॉक उचलायला सुरुवात केली. पहिल्या जागी नुसती खडी. दोन हात सरकून दुसरीकडे पहार मारली तर आवाज बदलला. काँक्रीटचं झाकण! ते उचललं तेव्हा आत काळं पाणी आणि गळ्यापर्यंत गाळ. काकांनी बाह्या वर करून खांद्यापर्यंत हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि एक वेटोळं वर ओढून काढलं. ४० मिलिमीटरच्या एचडीपीई डक्टमधून, म्हणजे प्लास्टिकच्या नळीतून, आलेली बारा कोअरची, म्हणजे काचेच्या बारा धाग्यांची केबल होती, टोक टेपने बांधलेलं. ज्या कुणी ती लाइन बंद केली त्याने टोक नीट बांधून ठेवलं होतं. त्या अनोळखी माणसाचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

काकांनी केबल सोलली, केसासारखे कोअर स्पिरिटने पुसले, एकेक कापून त्याला पिगटेल, म्हणजे टोकाला कनेक्टर असलेला छोटा धागा, जोडला आणि ओटीडीआर लावला. हे यंत्र काचेच्या धाग्यात प्रकाश सोडतं आणि परतणाऱ्या उजेडावरून धागा किती अंतरावर संपतो ते सांगतं. ब्लू कोअर ६१२ मीटरवर संपला. ऑरेंज, ६१२. ग्रीन, ब्राऊन, तेच. माझा धीर सुटत चालला होता. काका शांत होते. "तिथं जॉइंट आहे. हे कोअर पुढं जोडलेलेच नाहीत. बघू, पुढचे बघू."

पाचवा, स्लेट. स्क्रीनवरची रेघ ६१२ मीटरवर किंचित खाली आली आणि पुढे निघाली. आठशे, हजार, बाराशे, आणि १,४१२ मीटरवर संपली. आमच्या पॉपपर्यंतचं, म्हणजे जिथे आमचे स्विच बसवलेत आणि केबली येऊन मिळतात त्या खोलीपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच भरतं. सहावा, व्हाइट, तोही तसाच. बाकीचे सगळे ६१२ वर मेलेले.

पॉपमधल्या मुलाला फोन लावला. काकांनी लाल लेझरचं पेन स्लेटच्या पिगटेलला लावलं. तो तिकडे एफएमएसची, म्हणजे जिथे सगळे धागे येऊन संपतात त्या पेटीची, एकेक टोपी काढून बघत होता. मिनिट, दोन मिनिटं. मग फोनमध्ये ओरडला, "दिसतोय! १७ नंबरला लाल दिसतोय!" काकांनी चिखलाचा हात शर्टाला पुसला आणि पाणी मागितलं.

त्या चेंबरपासून आमच्या ग्राहकाची भिंत ६० मीटरवर होती, तीही गोडाऊनच्या कंपाउंडच्या आतून. म्हणजे सरकारी रस्त्याला हात लावायचा नाही, आरआय चार्ज नाही. गोडाऊनच्या मालकांनी भिंतीला क्लॅम्प मारून पाइप न्यायला फोनवरच होकार दिला, लेखी एनओसी दुपारी मिळाली. दोनच कोअर शाबूत होते, पण एकाच कोअरवर जाणारा-येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीवर चालवणारे बायडी मॉड्यूल असतात. ते लावून एक कोअर वापरायचा, दुसरा राखीव. पाइप, स्प्लायसिंग, उपकरणं धरून खर्च आला सव्वा लाख.

उपकरणावर दुपारच्या बैठकीत वाद झाला. फायबरवरचा प्रकाश साध्या इथरनेटमध्ये बदलणारा दोन-अडीच हजारांचा मीडिया कन्व्हर्टर बसवा, तेच काम करून लांबून तपासताही येणारं एवढं महाग डिमार्केशन डिव्हाइस कशाला, असं विचारलं गेलं. मी हटले नाही. कन्व्हर्टर महाप्याच्या कंट्रोल रूममधून दिसत नाही. लाइन बंद पडली की आमची केबल तुटली की ग्राहकाकडची वीज गेली हे बघायला माणूस आणि गाडी पाठवावी लागते. अशा चार-पाच फेऱ्यांतच वाचवलेले पैसे संपतात. शिवाय पोर्ट १ जीबीपीएसचा आणि वेग २०० वर बांधलेला ठेवला, की उद्या ग्राहकाने ५०० मागितले तर तिकडे न जाता बसल्या जागेवरून वाढवता येतात. हे पटलं.

खरा प्रश्न पुढे होता. ग्राहकाला पर्यायी मार्गही हवा होता. सेल्समधले एक जण म्हणाले, "राखीव कोअर आहेच ना? तोच दुसरा मार्ग म्हणून द्या. खर्च शून्य."

मी नाही म्हटलं. आवाज जरा चढलाच असेल. दोन वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका ग्राहकाला मीच असा 'दुसरा मार्ग' आखून दिला होता, एकाच डक्टमधून. नालेसफाईच्या जेसीबीने एका घासात दोन्ही तोडले. त्या दिवशी त्यांचं बिलिंग बंद, ई-वे बिल निघेना, आणि परराज्यात जाणारा ५० हजारांपेक्षा जास्तीचा माल त्याशिवाय गेटबाहेर काढता येत नाही. भरलेले ट्रक संध्याकाळपर्यंत आवारात उभे होते. त्यांच्या डिस्पॅचच्या साहेबांनी मला एकच विचारलं, "मॅडम, आम्ही दोनचे पैसे भरत होतो ना?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

म्हणून मी रेडिओ, म्हणजे दोन इमारतींमधली बिनतारी जोडणी, सुचवला. कारखान्याच्या गच्चीवरून ऐरोलीच्या बाजूची आमची दुसरी इमारत सरळ दिसते. ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला वेगळा परवाना लागत नाही आणि पावसाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही. पावसाने बेजार होतात ते दहा गिगाहर्ट्झच्या वरचे. वेग मात्र ५० एमबीपीएसच मिळणार होता. खर्च वाढला, तरी सगळा हिशेब २४ महिन्यांच्या बराच आत बसत होता.

संध्याकाळी ग्राहकाच्या आयटीच्या साहेबांना मी स्वतः फोन केला. केबल तुटली तर रेडिओच्या कमी वेगामुळे सीसीटीव्हीचा बॅकअप थांबेल, हे आधी सांगितलं. मग सांगितलं की ईआरपी, म्हणजे कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, आणि बिलिंग चालू राहील. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ट्रक थांबणार नाहीत ना?"

"नाही, सर."

"मग चालेल."

आठ दिवसांनी लाइन उभी राहिली, त्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेला होता. चाचणी ऑफिसमधूनच लावली. डेटाचं एकही पॅकेट गळालं नाही. मग मी काकांना हाताने केबल काढायला लावली आणि लाइन रेडिओवर सरकते का ते पाहिलं. सरकली.

पण २८ तारखेला निघण्याआधीचं एक राहिलं. गाळ उपसून, केबलचं वेटोळं वर टांगून काकांनी झाकण बसवलं, ब्लॉक जागच्या जागी लावले. मी चेंबरचे फोटो काढले आणि तिथेच उभं राहून नकाशात नोंद केली: अक्षांश-रेखांश, बारा कोअर, पाचवा-सहावा चालू, ६१२ मीटरवर जॉइंट. काकांनी पिशवीतून पिवळ्या रंगाचा डबा काढून कोपऱ्यातल्या ब्लॉकवर बाण काढला.

"एवढं एकच नाही," रिक्षात बसल्यावर ते म्हणाले. "पावणेला दोन आहेत, महाप्याला एक. तुर्भ्याला बघावं लागंल. रविवारी येताय का, दाखवतो."

मी वही काढली आणि ते सांगतील तसं लिहून घ्यायला लागले.