बिल्ड फेल झालं? शेवटची ओळ सोडा, वर जा

लिनक्सवर सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि ते करवणारा प्रोग्राम म्हणजे मेक (make). "एरर २" एवढंच सांगून मेक थांबतो, त्यावरून काही कळत नाही. समांतर बिल्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असताना, खरी एरर बरीच वर गाडली जाते. "मेक -जे१" (make -j1, एका वेळी एकच काम) चालवा, म्हणजे ती तळाशीच दिसेल.

हेडर फाइल (लायब्ररी वापरायला लागणारी .h फाइल) सापडत नसेल तर डेबियन-उबंटूवर त्या लायब्ररीचं "-डेव्ह" पॅकेज टाका, फेडोरावर "-डेव्हेल". बिल्डआधी सगळं आहे का ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट अडली तर तिची नोंद, कॉन्फिग.लॉग, उघडा.

आपल्याकडे ४ जीबी रॅमचे जुने लॅपटॉप पुष्कळ. त्यांवर सी++ चं मोठं बिल्ड "किल्ड" म्हणून मरतं. कोडचा दोष नाही. रॅम संपली की कर्नलच (लिनक्सचा गाभा) कंपायलरला मारतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी dmesg कमांड) "आउट ऑफ मेमरी" दिसलं की ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) जोडा आणि -जे२ वर या. वेळ लागेल, लागू द्या.

खरी डोकेदुखी लाइन गेल्यावर. बॅटरी मेलेली असेल तर मशीन धाडकन बंद पडतं आणि एखादी .ओ फाइल (एका सोर्स फाइलपासून कंपाइल झालेला तुकडा) अर्धवट किंवा शून्य बाइटची उरते. तिची वेळ सोर्सपेक्षा नवी, म्हणून मेक तिला तयार समजून पुढे जातो. मग हे तुकडे जोडणारा लिंकर "फाइल ट्रंकेटेड" म्हणून ओरडतो. तेवढी फाइल उडवा; नक्की कोणती ते कळत नसेल तर "मेक क्लीन" करून सगळ्याच तयार फाइली उडवा आणि पुन्हा बिल्ड करा.

मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर घड्याळही मागे जातं. "क्लॉक स्क्यू" (फाइलची वेळ घड्याळाच्या पुढची आहे अशी मेकची सूचना) दिसताच आधी हॉटस्पॉट जोडून तारीख नीट करा, मग क्लीन बिल्ड. सेल बहुतेक डेस्कटॉपांत सीआर२०३२ असतो.