आरसीवर ‘पेट्रोल/हायब्रिड’ लिहिलंय

वापरलेली गाडी घेणाऱ्यांना मी ती तपासून देतो. पैसे गाडी घेणाऱ्याकडून, आणि विकणाऱ्याकडे चहासुद्धा घ्यायचा नाही हा माझा नियम. त्या रविवारी चिंचवडला तो मोडला.

गिऱ्हाईक म्हणजे सिंहगड रस्त्यावरचे नवरा-बायको. दोन मुलं, सासूबाई, महिन्यातून एकदा कराडजवळचं गाव. डिझेल नको, इलेक्ट्रिकची धास्ती, म्हणून हायब्रिडच हवी होती. जाहिरात अशी: मारुतीची ग्रँड विटारा, २०२३, ऑटोमॅटिक, हायब्रिड, ३८ हजार किलोमीटर. विकणारे काका बँकेतून निवृत्त झालेले.

रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर फिरवला. सगळीकडे १००-१२० मायक्रॉन, डाव्या मागच्या दारावर तेवढे ३५०, म्हणजे तिथे परत रंग मारलेला. मी विचारायच्या आधीच काकांनी दार जिथे घासलं होतं तो गेटचा खांब दाखवला. छत पेलणाऱ्या पिलरचे वेल्ड कंपनीचेच, म्हणजे मोठा अपघात नाही; सर्व्हिसची बिलं तारीखवार फायलीत. अशी गाडी वर्षातून दोन-तीनदाच हाताला लागते.

मग बटण दाबलं आणि इंजिन लगेच घुरघुरलं. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही चालू शकणारी, बहुतेक वेळा आधी गुपचूप ‘रेडी’ होते, तिला स्टार्टर मोटरच नसते. नुसत्या बॅटरीवर चालवायचं, ईव्ही मोडचं बटण शोधलं, नव्हतं. बॉनेट उघडलं, मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलचा पत्ता नाही. शेवटी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली. क्षमता १४६२ सीसी. स्ट्राँग हायब्रिडचं तीन सिलिंडरचं इंजिन १४९० सीसीचं असतं. म्हणजे ही स्मार्ट हायब्रिड. हिच्यात पट्ट्यावरची छोटी मोटर सिग्नलला बंद पडलेलं इंजिन परत चालू करते, पिकअपला जरा हात लावते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी वीतभरही सरकत नाही. कागदावरचं मायलेज हिचं २०.५८, स्ट्राँगचं २७.९७. नवी घेताना दोघींत अडीच लाखांच्या वर फरक. आणि तरी हिच्या आरसीवर इंधनापुढे छापलेलं असतं ‘पेट्रोल/हायब्रिड’! बघणाऱ्याला काय कळणार कप्पाळ?

हे सगळं मी वर हॉलमध्ये, चहाचा कप हातात धरून, सगळ्यांसमोर सांगितलं. बाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं काका फसवतायत.

काका आत गेले आणि एक डायरी घेऊन आले. टाकी फुल केल्याची तारीख, लिटर, किलोमीटर, आणि शेजारी लाल पेनानं भागाकार. १५.२, १४.८, १६.१. म्हणाले, “शोरूमवाला २७ म्हणाला होता. मला वाटायचं माझंच पाऊल जड आहे. ही गाडीत बसली की मी ६० च्या वर जात नाही.” काकू काही बोलल्या नाहीत. शोरूममधली पोरं ‘हायब्रिड’ एवढंच म्हणतात, पुढचं गिऱ्हाईक स्वतःच समजून घेतं. हे मला चांगलं माहीत आहे. पण ते त्या हॉलमध्ये त्या क्षणी सांगण्याची गरज नव्हती. खाली गाडीपाशी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं असतं तर चाललं असतं.

खाली उतरल्यावर मी त्यांना हिशेबही मांडून दिला. महिन्याला १००० किलोमीटर, शहरात हिचं १५ धरा, स्ट्राँगचं २२. वाचतात २१ लिटर, आजच्या भावानं सव्वादोन हजारांच्या आसपास. शिवाय स्ट्राँगची बॅटरी डिकीखाली, त्यामुळे डिकी ३७३ लिटरवरून २६५ वर येते. पाच माणसांचं गावाकडचं सामान म्हटलं तर जाणवतं. ही गाडी स्वच्छ आहे, साध्या पेट्रोल गाडीच्या भावात मिळाली तर घ्या, असं स्पष्ट म्हणालो. पण ‘हायब्रिड नाही’ हे एकदा कानावर पडल्यावर पुढचं कुणी ऐकत नाही. गेले ते.

परवा काकांचा फोन आला. मला वाटलं चिडले असतील. नाही; नवी जाहिरात लिहायला बसले होते.

“काय लिहू?”

“पेट्रोल लिहा, काका.”

“अहो, पण आरसीवर हायब्रिड आहे. तपासायला येईल तो मलाच खोटं म्हणेल.”