टेबलावरचे अडॅप्टर हटाव मोहीम: पोर्टांची मोजणी आणि केबलींची झाडाझडती

टेबलावरच्या छोट्या उपकरणांचे अडॅप्टर काढून ती कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टांवर चालवायची, असा बेत आहे. सध्याची स्थिती आधी सांगतो. ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) चे बोर्ड, १८६५० या लिथियम सेलचा चार्जर आणि टेबलामागची एलईडी पट्टी आता थेट डेस्कटॉपच्या यूएसबी पोर्टांवर बिनतक्रार चालतात. फोनचं काम अर्धंमुर्धं जमलंय. टॅबलेटचा नाद सोडला, तो त्याच्या अडॅप्टरवरच सुखी आहे. पुढच्या नोंदी घडल्या त्या क्रमाने नाहीत. जिथे मीटरवर काही बघण्यासारखं निघालं तिथे जास्त रेंगाळलोय.

पोर्ट

मल्टिमीटर लावला, ५.०८ व्होल्ट दिसले, यातून काहीच कळत नाही. लोड टाकल्यावर, म्हणजे करंट ओढायला लागल्यावर, किती उरतात ते बघायला हवं. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतून १० ओहम, १० वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर आणले, एका जुन्या केबलचा प्लग टोकाशीच कापला आणि त्याच्या लाल-काळ्या तारांना रेझिस्टर डाग देऊन जोडले. एक रेझिस्टर म्हणजे साधारण अर्धा अँपिअर, दोन समांतर जोडले की साधारण एक. थोड्याच वेळात त्यांना हात लाववत नाही, तेव्हा खाली फरशीचा तुकडा घ्या.

मागच्या निळ्या पोर्टवर दोन रेझिस्टर लावून ४.९८ व्होल्ट मिळाले. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर तोच लोड लावला तर ४.८४. मदरबोर्डच्या पिनांपासून पुढच्या पॅनलपर्यंत जी हातभर वायर आणि कनेक्टर असतो, त्याने हा फरक खाल्ला. एवढ्याने काही बंद पडत नाही, पण यापुढे केबलीतही गळती होणार आहे हे लक्षात ठेवायचं.

आता हा एक अँपिअर नियमात बसतो का? नाही. २००० साली आलेल्या यूएसबी २.० नुसार उपकरणाने ओळख करून देईपर्यंत १०० मिलिअँपिअरच घ्यायचे, ओळख झाल्यावर ५०० पर्यंत मागता येतात. २००८ च्या यूएसबी ३.० ने हे आकडे १५० आणि ९०० वर नेले. झोपी गेलेल्या पोर्टवरून तर जेमतेम २.५ मिलिअँपिअर घ्यायचे. पण रेझिस्टर, यूएसबी पंखा, साधा दिवा ही मंडळी कुणाला न विचारता स्वतःच ताटात वाढून घेतात, आणि बहुतेक डेस्कटॉपवर मिलिअँपिअर मोजत बसणारं कुणी नसतं. अनेक मदरबोर्डांवर एक-दोन पोर्टांमागे मिळून एक पॉलिफ्यूज असतो. तो तापला की त्याचा रोध वाढतो आणि पोर्ट मान टाकतो, गार झाला की परत शुद्धीवर येतो. तो आग टाळायला ठेवलाय, हिशेब ठेवायला नाही. लॅपटॉपमध्ये सहसा करंट रोखणारी चिप असते आणि बोर्ड बदलणं खिशाला परवडत नाही, म्हणून रेझिस्टरचे हे खेळ लॅपटॉपवर करू नका.

लिनक्सवाल्यांसाठी एक टीप. एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) मध्ये 'मॅक्सपॉवर' म्हणून जो आकडा दिसतो तो मोजलेला नसतो, उपकरणाने स्वतःबद्दल सांगितलेला असतो. माझा ईएसपी३२ चा बोर्ड तिथे १०० मिलिअँपिअर सांगतो. ते उत्तर बोर्डावरच्या सीपी२१०२ या यूएसबी-ते-सिरियल चिपचं आहे. ईएसपीला कुणी विचारलेलंच नाही, आणि तो एकटाच वायफायवर पाठवताना २४० पर्यंत जातो.

केबली

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त हाती लागलं. घरातल्या झाडून सगळ्या केबली काढल्या आणि मागच्या पोर्टवर, दोन रेझिस्टरच्या लोडवर, टोकाला किती व्होल्ट मिळतात ते एकेकीच्या नावे लिहिलं. सगळ्यात चांगल्या एक मीटर केबलीने ४.७८ दिले. दिसायला सगळ्यात देखणी, कापडी वेणीची दोन मीटरची केबल ४.२० वर आली. पोर्ट तोच, लोड तोच.

कारण तांब्याच्या जाडीत आहे आणि ते गणितात चोख बसतं. २८ एडब्ल्यूजीच्या (हे तारेच्या जाडीचं माप) तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, २४ एडब्ल्यूजीचा सुमारे ०.०८४. आकडा लहान तितकी तार जाड. करंट लाल तारेने जातो आणि काळीने परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. एक मीटर २८ च्या केबलीत एक अँपिअरला ०.४३ व्होल्ट गळतात, २४ च्या केबलीत ०.१७. प्लगच्या पिनांचा रोध वर आणखी. वेणीवाल्या केबलीत बाहेर कापड भरपूर आणि आत तांबं नावाला.

चांगल्या केबलीच्या आवरणावर बारीक अक्षरांत '२८एडब्ल्यूजी/१पी २४एडब्ल्यूजी/२सी' अशा धर्तीचं काहीतरी छापलेलं असतं. पहिला भाग डेटाच्या जोडीचा, दुसरा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. आपल्याला दुसरा बघायचा. काहीच छापलेलं नसेल तर माझ्यापुरता नियम असा की ती केबल माउस-कीबोर्डसाठी. छापलेलं खरं असेलच असं नाही, पण ज्याने छापण्याची तसदी घेतली त्याच्या केबली माझ्या वहीत वर निघाल्या.

यूएसबी टेस्टर (मध्ये लावायचा छोटा व्होल्ट-अँपिअर मीटर) वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तो कुठे लावला यावर सगळं आहे. पोर्टपाशी लावलात तर तो पोर्टचं कौतुक सांगणार. केबलीच्या उपकरणाकडच्या टोकाला लावा. आणि टेस्टरही स्वतःचे थोडे मिलिव्होल्ट खातोच.

फोन

५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॅट. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ३.८५ व्होल्टने धरली तर १९ वॅट-तासांच्या थोडी वर. नुसता भागाकार पावणेआठ तास देतो, उष्णतेत जाणारं धरलं तर नऊ-दहा. वर हॉटस्पॉट चालू असेल तर टक्का पुढे सरकायचं नाव घेत नाही, कधी मागेही येतो. फोनने 'सावकाश चार्ज होत आहे' म्हटलं तर तो खरंच बोलतोय.

फोन पोर्टशी कसा बोलतो ते बघण्यासारखं आहे. बॅटरी चार्जिंगचा १.२ हा नियम २०१० चा. त्यात फोन डी-प्लस या डेटा तारेवर साधारण ०.६ व्होल्ट ठेवतो आणि डी-मायनस या दुसऱ्या डेटा तारेवर काय उमटतं ते बघतो. साध्या पोर्टवर काही उमटत नाही, मग तो ५०० च्या मर्यादेत राहतो. भिंतीवरच्या अडॅप्टरमध्ये दोन्ही डेटा तारा आत एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे तेच व्होल्टेज परत दिसतं. तिसरा प्रकार म्हणजे चार्जिंगवाला पोर्ट. तो स्वतःहून तसंच उत्तर देतो, डेटाही चालू ठेवतो आणि १.५ अँपिअरपर्यंत सोडतो. अशा पोर्टपाशी बहुधा विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असतं. पिवळ्या-लाल रंगावर जाऊ नका, तो ज्याच्या त्याच्या कंपनीचा कारभार. माझ्या डेस्कटॉपवर असा पोर्ट एकच निघाला, फोन आता तिथे लागतो.

'डेटा तारा कापून एकमेकींना जोडल्या की कुठलाही पोर्ट फास्ट होतो' हा सल्ला सगळीकडे फिरतो. करंट वाढतो हे खरं, पण तो वाढतो कारण फोनला भिंतीवरचा अडॅप्टर भेटल्याचा समज करून दिलाय. मागे बसलेल्या पॉलिफ्यूजला यातलं काही ठाऊक नसतं. चिन्ह असलेल्या पोर्टवर याची गरज नाही आणि चिन्ह नसलेल्यावर हे करू नये, असं माझं मत आहे.

खराब केबलीवर फोन बंद न पडता नुसता सुस्तावतो, त्यालाही कारण आहे. आतली चार्जिंग चिप येणाऱ्या व्होल्टेजवर नजर ठेवून असते. ते साडेचारच्या आसपास घसरलं की ती मागणी कमी करते. म्हणून वेणीवाली केबल 'चालते' असं वाटतं. टॅबलेटचं दुखणं जुनंच. २०१० चा पहिला आयपॅड १० वॅटच्या अडॅप्टरसोबत यायचा आणि साध्या कॉम्प्युटरला लावला की 'चार्ज होत नाही' असं सरळ तोंडावर सांगायचा.

ईएसपी३२ आणि पट्टी

बोर्ड वायफाय सुरू करताना रीसेट व्हायचा आणि सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटची (व्होल्टेज फार खाली गेल्याची) ओळ यायची. पोर्टवर संशय घेण्याआधी बेरीज करा. बोर्डावर आधी एक शॉट्की डायोड, तो ०.३ व्होल्ट घेतो. मग एएमएस१११७ रेग्युलेटर, त्याला ३.३ काढायला वर साधारण १.१ व्होल्ट लागतात. म्हणजे बोर्डाच्या सॉकेटवर ४.७ तरी हवेत. वेणीवाली केबल क्षणिक झटक्यात त्याखाली जाते. जाड, लहान केबल लावली आणि तक्रार संपली. खात्रीसाठी ३.३ च्या पिनवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही टाकला. तो ५ व्होल्टच्या बाजूला टाकू नका. प्लग घालताच पोर्टवर येणारा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडच्या वर नसावा असा यूएसबीचा नियम आहे, नाहीतर भरताना तो पोर्टला जोरात खाली ओढतो.

पट्टी डब्ल्यूएस२८१२बी ची, ३० एलईडींची. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, एकूण १.८ अँपिअर. पट्टी चालवणाऱ्या फास्टएलईडी या कोड लायब्ररीत व्होल्ट आणि मिलिअँपिअरची कमाल मर्यादा देता येते. तिथे ४०० लिहून टाकले. लायब्ररी काही मोजत नाही, रंगांवरून अंदाज बांधून उजेड कमी करते, पण मीटरवर तो अंदाज सावध बाजूचाच निघाला. टेबलामागच्या उजेडाला एवढं पुष्कळ झालं.

सेल चार्जर आणि टाइप-सी

टीपी४०५६ या चार्जिंग चिपच्या बोर्डावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर येतो, त्यावर '१२२' लिहिलेलं असतं, आणि तो चार्जिंग एक अँपिअरवर ठरवतो. तो काढून ३ किलोओहमचा लावला की ४०० मिलिअँपिअर. साध्या पोर्टला हे झेपतं आणि चिपही सुटते. ही चिप लिनियर आहे, सेल ३.२ व्होल्टवर असताना एक अँपिअरला १.८ वॅट नुसती उष्णता काढते, ४०० ला पाऊण वॅटही नाही. रेझिस्टर तांदळाएवढा आहे, चिमटा आणि भिंग जवळ ठेवा.

हाच बोर्ड टाइप-सी सॉकेटचा घेतलात आणि सी-ते-सी केबलीवर मेल्यासारखा पडला तर तो बिघडलेला नाही. सी पोर्ट समोर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय व्होल्टेजच सोडत नाही, आणि स्वस्त बोर्डांवर तो गाळलेला असतो. सॉकेटमधल्या, समोर काय जोडलंय ते ओळखणाऱ्या दोन सीसी पिनांना दोन वेगळे रेझिस्टर लागतात. एकच दोघांत वाटला तर काय होतं ते २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या आवृत्तीने दाखवलं: ई-मार्क (केबलीची ओळख सांगणारी) चिप असलेल्या केबलींवर तो सुरूच होत नव्हता.

ए-ते-सी केबलीत उलटा धोका आहे. तिच्या आत ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तिथे १० चा घातला तर फोन समजतो की समोर ३ अँपिअर हजर आहेत, आणि बिचाऱ्या ए पोर्टवर तुटून पडतो. २०१५ मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन लिउंग यांनी बाजारातल्या केबली एकेक तपासून हीच खोट उघड केली होती.

हब आणि उलटा करंट

अडॅप्टरवर चालणारा एक निनावी हब आणला होता. पीसी बंद केला तरी कॅबिनेटवरचा दिवा मंद पेटलेला राहायचा. हबच्या आत अडॅप्टरचे ५ व्होल्ट कॉम्प्युटरकडच्या लाल तारेला सरळ जोडलेले निघाले, मध्ये डायोडही नाही. तपासणी सोपी आहे: हब कॉम्प्युटरपासून काढा, अडॅप्टर चालू ठेवा आणि कॉम्प्युटरकडच्या प्लगवर मीटर लावा. तिथे शून्य हवं. माझ्याकडे पाच आले. केबल सोलून लाल तार कापली, दोन्ही टोकांवर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. हब अडॅप्टरवरच चालतो, त्याचं काही अडलं नाही.

पीसी बंद असताना पट्टी जळत राहणं हा वेगळा मामला. एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन तेव्हाही जिवंत असते. बायोसमध्ये ईआरपी नावाचा वीज वाचवणारा पर्याय चालू केला की मागचे पोर्ट बंद होतात. अर्थात मग रात्री बंद पीसीवर फोन लावण्याची सोयही जाते. मी तूर्त तो बंदच ठेवलाय आणि पट्टीला वेगळं बटण दिलंय.

पुढे

बटणाऐवजी लिनक्सवरच्या यूहबसीटीएल या प्रोग्रामने पोर्टची वीज चालू-बंद करायची आहे. अडचण हबची: प्रत्येक पोर्ट वेगळा तोडता येतो असं बरेच हब सांगतात, प्रत्यक्षात डेटा तुटतो आणि ५ व्होल्ट तसेच राहतात. माझ्याकडचे तसलेच. ज्यांनी मीटर लावून खात्री केलीय त्यांनी हबचं मॉडेल आणि आतल्या चिपचा क्रमांक कळवा, लोडवर किती व्होल्ट येतात तेही.