यांगूनच्या डोक्यावरचा ‘असत’

पाली–बर्मी शब्दसूचीच्या जुन्या फायली माझ्या सयांनी पाठवल्या. बर्मी माणूस शिक्षकाला ‘सया’ म्हणतो, आणि माझे सया यांगूनचे. फाइल उघडली तर त्यांच्या शहराचंच नाव मोडलेलं. बर्मीत यांगून लिहिताना ‘न’ दोनदा येतो आणि दोन्ही ‘न’च्या डोक्यावर ‘असत’, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारा एक छोटा वळणदार आकडा असतो. माझ्या स्क्रीनवर आकडे गायब होते. ‘क’ पहिल्या ‘न’च्या पोटाखाली जाऊन बसला होता आणि शेवटच्या ‘न’खाली अधिकचं (+) चिन्ह लोंबत होतं.

फायली झॉजी या जुन्या बर्मी फाँटमधल्या होत्या. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं प्रमाण. झॉजीने युनिकोडचेच क्रमांक वापरले, पण वेगळ्या अर्थाने. त्याच्या लेखी १०३९ म्हणजे असत. युनिकोडमध्ये १०३९ हे न दिसणारं चिन्ह आहे, पुढचं अक्षर मागच्याच्या खाली रचणारं. मंडाले लिहिताना ‘न’खाली ‘त’ येतो तो त्याच्यामुळे. दिसणाऱ्या असतला १०३ए हा स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी १०३९ पुढे एक अदृश्य विलगक टाकून काम भागवायचे. आपल्याकडे पाय मोडायला आणि जोडाक्षराला एकच हलन्त पुरतो. बर्मीत ही दोन्ही कामं रोजच्या लिखाणात शेजारी शेजारी येतात, त्यामुळे वेगळे क्रमांक देणं मला अगदी योग्य वाटतं.

म्यानमार १ ऑक्टोबर २०१९ पासून अधिकृतपणे युनिकोडकडे वळलं, पण जुन्या फायली आपोआप बदलत नाहीत. अमुक मजकूर झॉजीतला, असं फाइलवर कुठे लिहिलेलंही नसतं. अक्षरांच्या क्रमावरून अंदाज बांधणारी मोफत साधनं आहेत. सयांनी पालीची अवतरणं नंतर युनिकोडमध्ये घातली होती, म्हणून अख्खी फाइल एकदम न बदलता परिच्छेदागणिक तपासून बदलली. यांगून, मंडाले सगळं नीट दिसू लागलं.

तरी फायलींत शब्दांचा शोध लागेना. बर्मी ग्रंथभाषेत ‘आणि’साठी जो शब्द पानोपानी येतो, त्याच्या शेवटच्या अक्षरावर असत आणि खाली ठिपका असतो. कुणी आधी असत टाइप करतं, कुणी आधी ठिपका. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही, पण साध्या शोधाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. युनिकोडने ठिपक्याला ७ आणि असतला ९ हा क्रमवर्ग, म्हणजे चिन्हांचा क्रम ठरवणारा आकडा, दिला आहे, म्हणून मजकूर प्रमाण रूपात आणला की ठिपका आधी जातो. सगळ्या फायलींवर हे एनएफसी नावाचं प्रमाण रूपांतर चालवलं, शोधखिडकीत येणाऱ्या शब्दावरही तेच लावलं, आणि ‘आणि’ जिथे जिथे होता तिथे सापडला.

मराठीत कोश किंवा सूची करणाऱ्यांनी ‘दऱ्या’ हा शब्द असाच तपासून पाहावा. त्यातला ऱ कुठे एका क्रमांकाचा असतो, कुठे र आणि नुक्ता मिळून झालेला. ते दोन एनएफसीने एक होतात. पण र, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून काढलेला तिसरा प्रकार त्याने बदलत नाही, तो वेगळा शोधून बदलावा लागतो.

मूळ झॉजी फायली तशाच जपून ठेवल्या आहेत. सया आता नव्या फाइलवरून नोंदी वाचून पाहतायत, सध्या ‘ध’पर्यंत आलेत.