आमची वाटचाल : टाकीखालची टाकी

2006 साली डोंबिवलीत दुकान उघडलं तेव्हा पुढे गप्पी, मॉली, गोल्डफिश आणि मागे खाद्याच्या पुड्या एवढाच आमचा पसारा होता. क्रॉफर्ड मार्केटातून माशांच्या पिशव्या लोकलने आणायच्या आणि ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत घर गाठायचं. थोरला भाऊ काच कापून सिलिकॉनने टाक्या जोडायचा, मी विकायचो.

दोन-तीन वर्षांनी एका गिऱ्हाइकाने मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी मागितली. पट्टेवाले क्लाउनफिश त्यांच्या मुलीला हवे होते. आम्ही लगेच हो म्हणालो. गोड्या पाण्याला लावायचो तोच कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डबा, आतल्या स्पंजातून पाणी फिरतं) एक नंबर मोठा घेतला, मीठ कालवलं आणि आठव्या दिवशी मासे सोडले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, तरी चार दिवसांत सगळे मासे गेले. पैसे परत केले, पण त्या मुलीला काय सांगायचं ते सुचलं नाही.

माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर, फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यातून समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास, आणि पीएच चढा असला की तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. फिल्टर मोठा असून उपयोग नव्हता. आत काम करणारं कुणी नव्हतं. कॅनिस्टरला मी आजही नावं ठेवत नाही, पण महिनाभर न उघडलेला कॅनिस्टर म्हणजे नायट्रेटचा कारखाना. आणि लोक तो उघडतात तेव्हा आतला स्पंज क्लोरीनच्या नळाखाली पिळून काढतात. सगळे जिवाणू मोरीत!

पुढचा टँक दुकानातच लावला, स्वतःसाठी. त्यावर प्रोटीन स्किमर बसवला. उभ्या नळीत बारीक बुडबुडे सोडायचे. पाण्यात विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमते. घाण कुजायच्या आधीच पाण्याबाहेर. वडील कराडकडचे, गुऱ्हाळात वाढलेले. कपातलं ते तपकिरी, घाण वासाचं पाणी बघून म्हणाले, "ही तर काहिलीवरची मळी रे." म्हणजे उसाचा रस उकळताना वर येणारा मळकट फेस. गिऱ्हाइकाला स्किमर समजावताना मी अजून तेच सांगतो. गोड्या पाण्यात मात्र हा चालत नाही, तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात.

स्किमर ठेवायला जागा हवी म्हणून सम्प आला, म्हणजे टाकीखाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोने खाली, पंपाने परत वर. पहिला सम्प आम्ही हौसेने काठोकाठ भरला. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. रात्री वीज गेली, पंप थांबला आणि परतीच्या पाइपातून पाणी उलटं खाली आलं. सकाळी खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे. चार फूट बाय दीड फुटाच्या टाकीतली पातळी नुसती चार सेंटिमीटर उतरली तरी वीस लिटरच्या वर पाणी खाली येतं, हा हिशोब त्यांच्या छताच्या रंगकामात शिकलो. तेव्हापासून परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली भोक पाडतो. वीज गेली की तिथून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो.

आता कुणी "चांगला फिल्टर कुठला?" विचारलं की मी आधी कुठले मासे, दिवसाला किती खाद्य, घरी कोण असतं, हे विचारतो. दोन क्लाउनफिशना भरपूर सच्छिद्र दगड, पाणी खेळतं ठेवणारा पंप आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं पुरतं. महागडा सेट विकून मला धंदा होईल, त्यांना फायदा नाही. टँगसारखे समुद्री मासे किंवा प्रवाळ ठेवायचे तर सम्प, स्किमर घ्यावाच, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारा चिलरही. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच. मीठ वाफ होऊन जात नाही. "मालवणहून प्रवाळाचे दगड आणू का?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. नको. कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आम्ही कोरडे दगड देतो. जिवाणू बसायला वेळ लागतो, म्हणून अर्धी गिऱ्हाइकं "दीड महिना रिकामी टाकी बघायची?" म्हणत दुसरीकडे जातात. जाऊ देत.

भाऊ आता पन्नाशीला आला, पण सम्प स्वतःच जोडतो. घरी टँक बसवला की गिऱ्हाइकासमोर पंपाचं बटण बंद करायचं, पाणी खाली यायचं थांबेपर्यंत थांबायचं. सम्पच्या काठाला चार बोटं तरी जागा उरली पाहिजे. मग पंप चालू करायचा, पाणी उतरून जिथे स्थिरावतं तिथे लाल मार्करने रेघ मारायची आणि सांगायचं, "याच्यावर भरू नका." बिल त्यानंतर.